ले-आऊटमधली नाली नि रस्ता नगर परिषदेकडून करवून घ्यायचाय? मग या क्रमानं जा

दर पावसाळ्यात तोच प्रकार. ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, घोटाभर पाणी साचतं, कोणीतरी व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतं, नगरसेवक खाली अंगठ्याचं चिन्ह टाकतात, दोन दिवसांनी ऊन पडतं आणि विषय संपतो. पुढच्या जुलैत परत तेच पाणी, तोच व्हिडिओ. नगर परिषदेचा दोष किती नि आपला किती हा वाद तूर्तास राहू द्या. मुद्दा एवढाच की ऑफिसात त्या व्हिडिओची नोंद कुठंच नसते, आणि नोंद नाही तर फाईल नाही, फाईल नाही तर एस्टिमेट नाही, एस्टिमेट नाही तर बजेटमध्ये तुमच्या गल्लीचं नावच येत नाही.

खाली जे लिहिलंय ते नागपूरच्या आजूबाजूच्या छोट्या शहरांतल्या लोकांसाठी आहे, म्हणजे कामठी, वाडी, वानाडोंगरी, कन्हान-पिपरी, बुटीबोरी इथल्या नगर परिषदा किंवा बेसा-पिपळ्यासारख्या नगर पंचायती. खास नागपूर मनपात राहणाऱ्यांना झोन ऑफिसातून सुरुवात करावी लागते, त्यांचा क्रम थोडा वेगळा, पण अर्ज नि माहिती अधिकाराचा भाग त्यांनाही कामी पडेल.

१. आधी ठरवा, रस्ता कोणाचा?

सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो. सहा महिने एका ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यावर कळतं की तो रस्ता त्यांच्या ताब्यातच नाही.

नागपूरच्या अवतीभवती हद्दींचा गुंता मोठा आहे. कामठीत नगर परिषद वेगळी आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड वेगळं, दोघांची हद्द लागून. हिंगणा रोडकडे गेलात तर एका बाजूला एमआयडीसीचा रस्ता आणि बाजूच्या गल्लीत नगर परिषद. वाडीत अमरावती रोडला लागून घर असेल तर समोरची मोठी नाली महामार्गवाल्यांची असू शकते नि मागची नगर परिषदेची. वरून एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहेच, आणि शहराच्या काठावर नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यासचे) जुने ले-आऊट. काही ठिकाणी आत्ता आत्तापर्यंत ग्रामपंचायत होती नि आता नगर पंचायत झाली, तिथं जुनं रेकॉर्ड कोणत्या कपाटात आहे हे शोधण्यापासून सुरुवात.

काय करायचं, तर घर टॅक्सची ताजी पावती काढा आणि ती कोणी दिली ते बघा. मग बांधकाम विभागात जाऊन तोंडीच विचारा, "आमच्या ले-आऊटचा रस्ता तुमच्या रस्त्यांच्या यादीत आहे का?" तोंडी उत्तर 'हो' आलं तरी रस्त्याचं नाव किंवा यादीतला नंबर लिहून घ्या.

सावध: टॅक्स घेतात म्हणजे रस्ता त्यांचा, असं समजू नका. टॅक्स घरावर लागतो. ले-आऊटमधले रस्ते नि ओपन स्पेस नगर परिषदेकडे हस्तांतरित झाले की नाही, हा वेगळा कागद असतो. बिल्डर किंवा सोसायटीनं ते कधी सोपवलेच नसतील तर ऑफिसवाले म्हणतात खाजगी रस्त्यावर सरकारी पैसा कसा खर्च करू, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं.

२. ले-आऊटचे कागद गोळा करा

खालच्यापैकी जे मिळेल ते. सगळ्यांकडे सगळं नसतं, पण दहा घरांतून मिळून एक संच नक्की तयार होतो.

मंजूर ले-आऊटचा नकाशा, ज्यात रस्त्याची रुंदी दिसते. एनएचा (अकृषक वापराचा) आदेश. गुंठेवारीतून नियमित झालेला प्लॉट असेल तर आरएल (नियमितीकरणाचं पत्र) आणि भरलेल्या विकास शुल्काची पावती, ही पावती फार कामाची, कारण रस्ता-नालीसाठीच तर ते पैसे घेतलेले असतात. मौजा, खसरा नंबर, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) एका कागदावर नीट लिहून ठेवा, कारण 'साईनगर' नावाचे ले-आऊट एकाच गावात दोन-तीन असतात आणि अर्ज भलत्याच साईनगरच्या फाईलला लागतो. हसू नका, होतं असं.

नकाशाच सापडत नसेल तर नगर रचना विभागात किंवा ज्यांनी ले-आऊट मंजूर केला त्या ऑफिसात नकलेसाठी अर्ज करता येतो.

ले-आऊट पूर्णपणे अनधिकृत असेल, सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याचंच नाव असेल, तर नालीचा अर्ज देऊन ठेवा, बिघडत नाही, पण खरा जोर नियमितीकरणावर लावा. नाहीतर दरवेळी फाईल तिथंच येऊन थांबेल.

तपासा: नकाशात रस्ता ९ मीटर आणि जागेवर ६ मीटर उरलाय का? कोणाचा ओटा, कोणाची पायरी, कोणाची गाडीसाठी केलेली उतरण रस्त्यात आली असेल तर नालीची जागाच शिल्लक नसते. हे आपसात बसून अर्जाच्या आधी मिटवा. इंजिनिअर पाहणीला आल्यावर गल्लीत भांडण सुरू झालं की तो शेरा मारतो 'स्थानिक वाद' आणि निघून जातो, आणि तो शेरा पुसायला पुढं वर्ष जातं.

३. जागेवरचा पुरावा, आणि पाणी जाणार कुठं

फोटो पावसाळ्यातच काढायचे, हे कोणाला सांगावं लागत नाही. पण कसे काढायचे ते सांगावं लागतं. पाण्याचा क्लोजअप कोणाच्याच कामाचा नाही. फोटोत एखादं घर, महावितरणचा खांब, दुकानाची पाटी असं ओळखता येणारं काहीतरी हवं, खांबावर नंबर असतो तो टिपून घ्या. तारीख दिसेल असं अॅप वापरा. एकाच जागेचे पाऊस चालू असतानाचे, सहा तासांनंतरचे आणि दुसऱ्या दिवशीचे फोटो असतील तर पाणी निघत नाही हे आपोआप सिद्ध होतं.

मग टेप घ्या आणि मोजा. खांब क्रमांक अमुकपासून खांब क्रमांक तमुकपर्यंत इतके मीटर, रस्त्याच्या कोणत्या बाजूनं. हे मोजमाप अर्जात असलं की इंजिनिअरचं अर्धं काम होतं आणि तुमचा कागद 'आमच्या वॉर्डात नाल्या बांधा' लिहिलेल्या पन्नास अर्जांतून वेगळा दिसतो.

आता या टप्प्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नालीचं पाणी शेवटी कुठं सोडायचं? लोकं आपल्या घरासमोरची नाली मागतात आणि पुढचा विचार करत नाहीत. ४० मीटर नाली बांधली, तिचं तोंड मोकळ्या प्लॉटपाशी संपलं, तर पाणी तिथं डबकं करणार, डास होणार, आणि प्लॉटवाला एक दिवस माती टाकून तोंड बंद करणार. अशा अर्धवट नाल्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. म्हणून एखाद्या पावसाच्या दिवशी छत्री घेऊन चक्क पाण्याच्या मागं चालत जा, ते कोणत्या चौकातून कोणत्या मोठ्या नालीला किंवा नाल्याला मिळतं ते बघा, आणि हातानं का होईना एक साधा नकाशा काढा, त्यात उताराचे बाण दाखवा. मधल्या शंभर मीटरमध्ये नाली नसेल तर ती पण मागा. दुसऱ्या गल्लीतून जात असेल तर त्या गल्लीवाल्यांच्याही सह्या घ्या.

थांबा: पाण्याची पाईपलाईन आणि गडर (सांडपाण्याची) लाईन झाली का तुमच्याकडे? आधी जमिनीखालचं, मग नाली, शेवटी रस्ता, हा क्रम उलटा केला की नवाकोरा सिमेंट रोड सहा महिन्यांत फोडला जातो. पाईपलाईन बाकी असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा की आधी ती टाका. रस्ता मिळतोय तर घेऊन टाकू, बाकी नंतर बघू, हा हिशोब दरवेळी अंगलट येतो.

४. अर्ज

एक काम, एक अर्ज. लाईट, कुत्रे, कचरागाडी, नाली, रस्ता, मैदानातलं अतिक्रमण सगळं एका कागदावर लिहिलं की तो कागद कोणत्या टेबलवर जाणार? पहिल्या टेबलवरच पडून राहतो, कारण प्रत्येक जण म्हणतो बाकीचे विषय माझे नाहीत.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं करायचा, नगराध्यक्षांच्या नावानं नाही. प्रशासन मुख्याधिकारी चालवतात, फाईल त्यांच्या सहीनं फिरते. नगराध्यक्ष आणि प्रभागातले नगरसेवक यांना प्रत द्यायची, बहुतेक नगर परिषदांत एका प्रभागात दोन नगरसेवक असतात तर दोघांनाही द्या, एकाला देऊन दुसऱ्याला वगळू नका. कोण कोणत्या पार्टीचं हे तुमच्या नालीला माहीत नसतं.

नमुना असा:

प्रति, मा. मुख्याधिकारी, … नगर परिषद, जि. नागपूर.
विषय: प्रभाग क्र. … मधील … ले-आऊट, मौजा …, खसरा क्र. … येथे … मीटर नाली बांधकामाबाबत.
महोदय, वरील ठिकाणी विद्युत खांब क्र. … ते … या … मीटर लांबीत नाली नसल्यामुळे पावसाचे व सांडपाणी रस्त्यावर साचते. पाण्याचा उतार … दिशेला असून ते … येथील मोठ्या नालीस जोडता येईल. नकाशा, दिनांकित फोटो, ले-आऊट मंजुरीची प्रत व मालमत्ता कराच्या पावत्या जोडल्या आहेत. कृपया स्थळ पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे, काम येत्या आर्थिक वर्षाच्या अर्थसंकल्पात समाविष्ट करावे आणि झालेली कार्यवाही लेखी कळवावी.
आपले, …

बस इतकंच. गेल्या दहा वर्षांचा इतिहास, अन्याय, आंदोलनाचा इशारा, यातलं काही पहिल्या अर्जात नको. इशारा देऊन झाला की पुढं द्यायला काही उरत नाही.

सह्यांबद्दल: नाव, घर किंवा प्लॉट नंबर, मोबाईल, सही. पंधरा खऱ्या सह्या दीडशे घाईघाईच्या सह्यांपेक्षा बऱ्या, कारण पाहणीच्या दिवशी फोन लावला तर माणूस 'मी कुठं सही केली' म्हणायला नको. आणि दोन जणांना संपर्कासाठी नेमा, एकाची बदली झाली, कोणी पुण्याला पोराकडे गेलं, की फाईल पोरकी होते.

टॅक्स थकलेला असेल तर शक्यतो आधी भरा. नालीचा विषय थकबाकीच्या विषयात मिसळला की चर्चा भलतीकडेच जाते.

५. आवक नंबर घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलवर एक प्रत द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. "ठेवून जा भाऊ, साहेब आले की दाखवतो" हे वाक्य ऐकायला मिळेल. गोडीत म्हणायचं, "हाव, दाखवा ना, पण आधी शिक्का मारून द्या." नुसता शिक्का आहे आणि नंबर नाही असंही चालत नाही, पुढं चौकशी नंबरावरूनच होते.

शिक्का द्यायला टाळाटाळ झालीच तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर रजिस्टर एडी मागून वाद घालू नका.

नगरसेवकाच्या घरी दिलेला कागद म्हणजे अर्ज नाही, तो निरोप आहे. आधी आवक करा, मग त्याची झेरॉक्स नगरसेवकाला द्या.

६. कधी द्यायचा, हेही ठरलेलं असतं

अर्ज जुलैत द्या की ऑक्टोबरात, घेणारच. पण नगर परिषदेचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि पुढच्या वर्षीच्या बजेटची जुळवाजुळव थंडीतच सुरू होते. पावसाळ्यात ओरडून जानेवारीत झोपी जाणारे लोक इथंच चुकतात. पावसाळ्यात पुरावा नि अर्ज, दिवाळीच्या आसपास पाहणी नि एस्टिमेट, आणि बजेटच्या सभेआधी नगरसेवकांकडे पाठपुरावा, असं वर्ष लावून घ्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा अधिकारी उत्तरं तयार करण्यात नि बंदोबस्तात अडकलेले असतात, त्या दिवसांत चकरा मारून उपयोग नाही. आणि कोणत्याही निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन कामं थांबतात. मार्चमध्ये तर जाऊच नका, बिलं काढायची धावपळ असते.

७. पाहणी आणि एस्टिमेट

अर्ज दिल्यावर दोनेक आठवड्यांनी बांधकाम विभागात जा, आवक नंबर सांगा आणि विचारा फाईल कोणत्या इंजिनिअरकडे मार्क झाली. पाहणीची तारीख शक्यतो ठरवून घ्या आणि त्या दिवशी गल्लीतले दोन-तीनच माणसं हजर राहा. वीस जण जमले की पाहणी होत नाही, सभा होते.

पाहणीत इंजिनिअरला या गोष्टी विचारा, नंतर विचारून फायदा नसतो:

नाली उघडी की झाकणाची, आणि झाकण असेल तर गाळ काढायला किती अंतरावर उघडणार. रस्ता असेल तर नवीन रस्त्याची पातळी आपल्या अंगणापेक्षा वर जाणार का? हे फार गंभीर आहे. नागपुरात सिमेंट रोड उंच झाले नि घरं खड्ड्यात गेली अशा तक्रारी तुम्ही ऐकल्याच असतील, पाणी मग रस्त्यावरून सरळ घरात. जुना थर खोदून काढायचा आहे की त्याच्यावरच टाकायचा, हे एस्टिमेटमध्ये लिहिलेलं असतं, त्यात खोदकाम धरलेलं नसेल तर कंत्राटदार ते करणार नाही, त्याला त्याचे पैसेच मिळणार नाहीत. आणि आपल्याकडची काळी माती पावसात फुगते नि उन्हात फाटते, म्हणून खाली मुरूम-गिट्टीचा थर किती धरलाय तेही विचारा.

तपासा: एस्टिमेट झालं का, रक्कम किती, आणि कामाचं नाव नेमकं काय लिहिलं. कामाच्या नावात तुमचा ले-आऊट आणि खांब क्रमांक किंवा घर नंबर असायला हवा. नुसतं 'प्रभाग ५ मध्ये विविध ठिकाणी नाली बांधकाम' असं असेल तर ती नाली कुठंही बांधली जाऊ शकते.

८. सभा आणि ठराव

सर्वसाधारण सभेची नोटीस आणि विषयपत्रिका ७ पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची ३ दिवस आधी. म्हणजे सभेच्या आदल्या रात्री नगरसेवकाला फोन करून 'आमचा विषय घ्या' म्हणण्यात काही अर्थ नाही, विषय आधीच ठरलेले असतात. विषयपत्रिका निघायच्या आधी मुख्याधिकारी किंवा नगराध्यक्षांकडे लेखी विषय द्यायला नगरसेवकाला सांगा, आणि त्या पत्रावर पण आवक नंबर घ्यायला सांगा.

मधली काही वर्षं बऱ्याच नगर परिषदांत प्रशासक होते, लोकांना सभेची सवयच मोडली. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, आता परत निवडून आलेले लोक सभेत बसतात, तर त्याचा उपयोग करून घ्या. सभा नागरिकांना बघायला खुली असते, आत जाऊन शांत बसायचं, मध्ये बोलायचं नाही. तुमचा विषय आला का, मंजूर झाला की 'पुढील सभेत ठेवावा' झाला, ते स्वतःच्या कानानं ऐकलेलं बरं.

ठराव मंजूर झाला तर ठराव क्रमांक आणि तारीख घ्या, काही दिवसांनी प्रत मागा. इतिवृत्तात शब्द बदलतात असं नाही म्हणत मी, पण वाचून बघा.

सावध: ठराव झाला म्हणजे काम झालं नाही. सभेनं हो म्हटलं इतकंच, पैसा अजून यायचाय.

९. पैसा, मान्यता, टेंडर, कार्यादेश

इथं लोकांचा धीर सुटतो, कारण बाहेरून काहीच हलताना दिसत नाही. आत मात्र एकेक टेबल असतं: निधी कोणत्या योजनेतून, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, मग कार्यादेश, म्हणजे कंत्राटदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. प्रत्येक पायरीला एक क्रमांक नि एक तारीख असते आणि तुम्ही तेवढंच विचारायचं. "काम कुठवर आलं?" असं विचारलं की "सुरू आहे" असं उत्तर मिळतं, "तांत्रिक मान्यतेचा क्रमांक काय?" विचारलं की फाईल उघडावी लागते.

निधी नगर परिषदेचा स्वतःचा, वित्त आयोगाचा, जिल्हा नियोजनचा, नगरोत्थान योजनेचा, वस्ती सुधार योजनेचा किंवा आमदार-खासदार निधी असा कुठूनही येऊ शकतो. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. इथली हमखास चूक अशी की उत्साहात तेच काम नगरसेवकाकडेही मागायचं, आमदारांकडेही, खासदारांच्या ऑफिसातही. मग दोन प्रस्ताव तयार होतात, दोन्हींत 'हे काम अन्य योजनेतून प्रस्तावित नाही' असा दाखला लागतो आणि दोन्ही अडकतात. एक मार्ग धरा. तो अडला हे लेखी कळलं की मगच दुसरा.

टेंडर महाटेंडर्स पोर्टलवर बघता येतं, लॉगिन लागत नाही, संस्थेच्या नावानं शोधायचं. तिथं कामाचं नाव, अंदाजित रक्कम, मुदत सगळं दिसतं.

आणि हो, भूमिपूजनाचा नारळ फुटला म्हणजे कार्यादेश निघाला असं बिलकुल समजू नका. फोटो पेपरात आला तरी कार्यादेशाचा नंबर विचाराच.

१०. काम सुरू झाल्यावर

कार्यादेशाची आणि एस्टिमेटच्या बाबींची प्रत हातात असली तर लक्ष ठेवणं सोपं जातं. कंत्राटदाराच्या माणसांशी हुज्जत घालायची नाही, जे दिसलं ते तारीख टाकून लिहायचं आणि इंजिनिअरला लेखी कळवायचं.

काँक्रीट पडायच्या आधी खालचा थर दाबलाय का ते बघा. जाडी बाजूनं, साईड भरायच्या आधी, पट्टी लावून मोजता येते, नंतर मोजायला रस्ता फोडावा लागतो. काँक्रीटला पाणी किमान ७ दिवस आणि आपल्या नागपूरच्या उन्हात १० दिवस तरी द्यायला हवं, गोणपाट टाकून ओलं ठेवलेलं चांगलं. एप्रिल-मे मध्ये सकाळी एकदा पाईप फिरवून गेले की दुपारी बारापर्यंत सगळं कोरडं होतं, बाप्पा, मग वर्षभरात भेगा पडल्या की माती खराब होती म्हणतात.

नालीची परीक्षा सगळ्यात सोपी. वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता. मध्ये कुठं थांबलं तर उतार चुकलाय. हे बिल निघायच्या आधी करा, मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल गेलं की इंजिनिअरला पण फारसं काही करता येत नाही.

११. अडलं तर, या क्रमानं

आधी स्मरणपत्र. जुना आवक नंबर नि तारीख टाकून चार ओळी, परत शिक्का. मग मुख्याधिकाऱ्यांची भेट, हातात दोन्ही कागद घेऊन.

त्यानंतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत. इथं नव्वद टक्के लोक प्रश्न चुकीचा विचारतात. "नाली का बांधली नाही?" ही माहिती नाही, हे कारण मागणं झालं, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. त्याऐवजी असं मागा: आवक क्र. अमुक, दिनांक अमुकच्या अर्जावरील सर्व टिपण्या व शेऱ्यांच्या प्रती, सदर कामाच्या एस्टिमेटची प्रत, तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेच्या प्रती, कार्यादेशाची प्रत. जो कागद ऑफिसात आहे तोच मागायचा. प्रत्येक पानाला २ रुपये लागतात. प्रती जास्त असतील तर आधी फाईल बघायला मागा, पहिल्या तासाला फी नाही.

काम चालू असताना तर याच कायद्यानं कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने पण मागता येतात, हे फार कमी जण वापरतात.

३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा गोलमोल आलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, फी २० रुपये. त्यातही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. पण खरं सांगायचं तर नाली-रस्त्याच्या फायली बऱ्याचदा पहिल्या अर्जानंतरच कपाटातून बाहेर येतात, कारण शेवटचा शेरा कोणत्या तारखेचा आहे ते उघडं पडणार असतं.

लोकशाही दिनाचं सांगतो, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस. तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, कलेक्टर ऑफिसला पहिला सोमवार. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतीत, १५ दिवस आधी द्यावा लागतो. आणि तक्रार वैयक्तिक हवी! पूर्ण ले-आऊटचं सह्यांचं निवेदन घेऊन गेलात तर परत पाठवतात. म्हणून ज्याच्या घरात पाणी शिरतं त्या एकानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या घराचं लिहायचं.

सेवा हक्क कायद्याखाली नालीची मागणी टाकू नका, तिथं जन्म दाखला, टॅक्सचा उतारा, नळ जोडणी अशा अधिसूचित सेवा येतात. नालीची मागणी तिथं टाकल्यानं फक्त एक नंबर मिळतो नि वेळ जातो.

सिव्हिल लाईन्सला कलेक्टर ऑफिसात नगरपालिका प्रशासनाची शाखा आहे, नगर परिषदेवरची देखरेख तिथून होते. तिथं जाताना नुसती तक्रार नको, एका कागदावर तारीखवार तक्ता न्या: अर्ज अमुक तारखेला, स्मरणपत्र अमुक, माहिती अधिकाराचं उत्तर अमुक, ठराव क्रमांक अमुक. तिथल्या माणसाला दोन मिनिटांत अडलेली जागा दिसली पायजे.

१२. काम झाल्यावर फाईल फेकू नका

टेंडरमध्ये दोष दायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो, तेवढ्या काळात नाली खचली, झाकण तुटलं, रस्त्याला भेगा पडल्या तर दुरुस्ती कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते. लोकांना हे माहीत नसतं, ते परत नवीन कामाचा अर्ज देतात आणि परत सार्वजनिक पैसा लागतो. कालावधी किती आहे तो कार्यादेशातून किंवा टेंडरच्या कागदातून काढून फाईलच्या पहिल्या पानावर लिहा, काम पूर्ण झाल्याची तारीख त्याच्या खाली. कालावधी संपायच्या दोन महिने आधी एक चक्कर मारून पूर्ण लांबीचे फोटो काढा, जे खराब झालंय ते मीटरमध्ये मोजा आणि मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, कारण कंत्राटदाराची अनामत रक्कम एकदा परत गेली की त्याला बोलवायचं कशाच्या जोरावर.